ऑलिम्पियाच्या मैदानात नऊ नंबरची काठी

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही शारजाहून अथेन्सला गेलो आणि तिथून क्रूझ घेतली. बायको, मी आणि अकरावीतली मुलगी. सहा महिन्यांपूर्वी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारून मारून ती जिने चढण्याइतपत बरी झाली होती.

तिसऱ्या दिवशी बोट एका छोट्या बंदराला लागली. तिथून बसने आम्ही ऑलिम्पियाचे अवशेष बघायला गेलो. आमची गाइड साठीची ग्रीक बाई होती. तिच्या हातात एक लांब काठी, वर पाटी, पाटीवर आमच्या बसचा नंबर नऊ. "काठी जाईल तिकडे या, नाहीतर बोट चुकेल," असं तिने बजावलं होतं.

कोसळलेले खांब बघत आम्ही दगडी कमानीखालून मैदानात आलो. मोकळी मातीची धावपट्टी आणि सुरुवातीला पायाची बोटं रोवायला दगडात कोरलेल्या खाचा. गाइड म्हणाली, प्राचीन ऑलिम्पिकच्या काळी लग्न झालेल्या बायकांना इथले खेळ बघायचीसुद्धा परवानगी नव्हती.

बायको त्या खाचांपाशी उभी राहिली. एकेकाळी ती रत्नागिरी जिल्ह्याच्या खो-खो संघात होती. शारजात आल्यावर मराठी बायकांनी टीम काढली, तेव्हा तिलाही बोलावलं होतं. "मुलीला कोण बघणार?" असं मीच विचारलं होतं. ती गेली नाही.

"मी त्या टोकापर्यंत जाऊन येते," ती म्हणाली.

"आई, आर यू शुअर? बस निघेल."

गाइडने घड्याळ बघितलं, ड्रायव्हरला फोन केला आणि हातातली काठी बायकोला दिली. "टेकायला घ्या. सावकाश."

बायको निघाली. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी. अर्ध्यावर मागे बघतो तर बसमधली सगळी मंडळी आमच्या मागून येत होती! कमानीकडे परत निघालेली माणसं, पण नऊ नंबर उलट दिशेला जाताना दिसला म्हणून निमूट वळली होती. टोप्या, छत्र्या, कॅमेरे, सगळी वरात. बायकोने वळून बघितलं आणि इतकी हसली की तिला थांबावं लागलं. मग काठी उंच धरून ती पलीकडच्या टोकाला पोचली, आणि तशीच परतही आली. कुणी कुरकुरलं नाही. गाइडने काठी परत घेताना तिचा हात दोन्ही हातांत धरला.

बसमध्ये मी म्हणालो, "तेव्हा मी चुकलो होतो. टीमच्या वेळी."

"माहीत आहे मला. पाणी द्या."

पाणी पिऊन ती मुलीला जिल्ह्याची फायनल सांगू लागली. शेवटचं मिनिट, एक गडी बाद करायचा राहिलेला, आणि ती खांबाकडे झेपावलेली. मुलीने फोन पर्समध्ये टाकला.

"देन व्हॉट, आई?"

ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दोघी माझ्याशेजारी होत्या, बस सावकाश चालली होती. आणखी काही मागावंसं वाटलं नाही.