कोरा तळहात

आमच्या हौशी मोटारशर्यतींच्या तपासनिसाला सगळे मामा म्हणत. एरवी ते स्वतःच्या गॅरेजात इंजिनं उघडायचे. शर्यतीच्या दिवशी जिंकलेली गाडी तपासायचे. नियम असा की, इंजिनाने हवा घ्यायची ती नळीच्या तोंडावर बसवलेल्या लोखंडी कड्यातूनच. दुसरीकडून चोरून हवा घेतली की ताकद वाढते. मग गाडी बाद आणि चालक वर्षभर घरी.

मामांची तपासणी साधी. चालू इंजिनाच्या कड्यावर तळहात दाबायचा. गाडी प्रामाणिक असेल तर हात ओढून धरते, गुदमरते आणि बंद पडते. तळहातावर लाल गोल वळ उठतो. मामा तो वर करून दाखवायचे, की निकाल पक्का. या तपासणीपायी त्यांचे पुढचे दोन दात बाद ठरलेल्या एका चालकाने पाडले होते. "बरं झालं, घासायचे दोन कमी," म्हणायचे.

मी तिथे झेंडा दाखवायचो. लिहायचा मला सराव नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या दिवशी मामांचा जावईच जिंकला. मामांनी हात ठेवला. इंजिन जरासं खोकलं आणि चालूच राहिलं.

"दुसरं भोक कुठाय, जावईबापू?"

"सासरे आहात म्हणून ऐकून घेतोय. हात काढा."

मामा वाकून नळीच्या खालच्या अंगाला चाचपू लागले. जावयाने बॉनेटचा टेकू काढला आणि बॉनेट त्यांच्या मनगटावर आपटलं. वरून अंगाचा सगळा भार टाकला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही मला ऐकू आला. मग त्याने त्यांना कॉलर धरून खाली ओढलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. त्याचे दोस्त आडवे उभे राहिले. "घरचा मामला आहे, कुणी मधे पडू नका."

मी पडलो नाही. हातात झेंडा धरून उभा राहिलो.

मामांची लेक धावत आली. ती मामांच्या गॅरेजातच वाढलेली.

"बाबा, भोक आहे?"

मामांनी रक्त थुंकलं. "आहे. नळीच्या रबराखाली."

"तुझ्या बापाला माझं बरं बघवत नाही," नवरा म्हणाला.

"मग मी बघते ना." तिने बॉनेट उचलून टेकू लावला आणि कड्यावर तळहात दाबला.

त्याने चाकाचा पाना उचलला. "काढ. नाहीतर हाही मोडेन."

"मोड."

त्याने तिच्या उजव्या कोपरावर पाना हाणला. ती कळवळली, गुडघ्यांवर आली, पण हात तिथेच. त्याने पुन्हा पाना उगारला, तेव्हा कुठे माझे पाय हलले. झेंड्याची काठी मी त्याच्या कानशिलात घातली. दोनदा. दुसऱ्यांदा घालायची गरज नव्हती, तरी घातली. तो कोसळला. मग बाकीच्यांनाही धीर आला.

इंजिन चालूच होतं. तिने तळहात वर केला. वळ नव्हता.

"बाद," मामा जमिनीवरूनच म्हणाले.

मामांची उजवी मूठ पुन्हा वळली नाही. लेक माहेरीच राहिली. पुढच्या हंगामापासून तपासणी तीच करते, डाव्या हाताने. मामा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक गाडीनंतर म्हणतात, "दाखव बघू."