थोरल्याची आश्विनी

आमच्या बिल्डिंगमधली पोरं वर्षातून एक दिवस माझ्या दादाला "ए अश्विनी!" अशी हाक मारायची आणि तो हातात चप्पल घेऊन त्यांच्यामागे जिना उतरायचा. तो दिवस कोजागिरीचा. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोजागिरी पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला पाटावर बसवून आई ओवाळते, नवा कपडा देते. मुलगा असो की मुलगी. याला म्हणायचं आश्विनी करणं. पण करायची ती फक्त थोरल्याची. बाकीच्यांनी नुसतं बघायचं आणि दूध प्यायचं.

आमच्याकडे बाकीच्यांत मी एकटीच होते. आम्ही दोघंच भावंडं.

डोंबिवलीत आश्विन म्हणजे नुसती घामाची चिकचिक. दसऱ्याचं झेंडूचं तोरण दारावर वाळून कुरकुरीत झालेलं असायचं, पण आई ते कोजागिरीपर्यंत काढू द्यायची नाही. संध्याकाळ झाली की मात्र गच्चीवर असा काही वारा सुटायचा की दिवसभरच्या उकाड्याला माफ करावंसं वाटायचं. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. त्या दिवशी ते येताना ठाण्याच्या बाजारातून चारोळी आणि केशराची इवलीशी डबी घेऊन यायचे. डबी खिशातून काढताना त्यांचा चेहरा असा, जणू काश्मीरला स्वतः जाऊन आलेत. आईने सकाळीच बदाम भिजत घातलेले असायचे आणि ते सोलायचं काम माझं. बदाम जरा जोरात दाबला की सुळकन उडून थेट फ्रीजखाली. आमच्या फ्रीजखाली वर्षभर पुरतील एवढे बदाम असणार.

गच्चीवर पातेलं चढायच्या आधी घरात दादाची आश्विनी व्हायची. पाट, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, आईची अंगठी. दादा नव्या शर्टात बसलेला, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी, गाल फुगवून.

"माझी का नाही करत?" हा माझा दरवर्षीचा प्रश्न.

"कारण ज्याच्यामुळे मी आई झाले, त्याचं हे कौतुक आहे. तू आलीस तेव्हा मी आई होतेच."

"म्हणजे मी काय फुकट आले?"

"तुझ्या तोंडाचा पट्टा थांबव आणि उरलेले बदाम सोल."

दादाला मिसरूड फुटलं त्या वर्षी मात्र तो हट्टाला पेटला. मी बसणार नाही म्हणजे नाही, पोरं चिडवतात. मग आई देवघरात वात लावतेय असं बघून त्याने गुपचूप स्वतःचा नवा शर्ट माझ्या अंगात घातला आणि मला पाटावर बसवलं. शर्ट माझ्या गुडघ्यांच्या खाली आलेला. काय सांगू, मला स्वर्गच मिळाला! डोळे मिटून, मान ताठ करून बसले. आई तबक घेऊन आली आणि थबकली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरलं, तर ही हसतेय. इतकी हसली की तबक खाली ठेवावं लागलं. बाबांना हाक मारून दाखवलं. मग माझ्या अंगातून शर्ट काढत म्हणाली, "बये, थोरलेपण असं शर्टासारखं अंगात घालता येत नाही."

दादाला शेवटी बसावंच लागलं. मी रुसले. रात्री गच्चीवर त्याने स्वतःच्या पेल्यातली साय बोटाने काढून मला दिली. सायीने त्याला ओकारी यायची, तेव्हा त्यात त्याचा काही फार मोठा त्याग नव्हता. पण मला तेव्हा तो राजा वाटला, खरंच.

माझं लग्न झालं, मी कळव्याला आले, तरी कोजागिरीला डोंबिवली चुकली नाही. दादाचे केस गेले, पोट सुटलं, चष्मा लागला, पण पाट काही सुटला नाही. "आवर गं लवकर, माझ्या पायाला मुंग्या येतायत," असं तो आईला म्हणायचा आणि माझी मुलं मामाला बघून फिदीफिदी हसायची. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं होतं की आता हिने ओवाळायचं का. आईने तिथल्या तिथे सुनावलं, "माझ्या पोराला मीच ओवाळणार. त्याला काही होत नाही." तो विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी श्रावणात दादा गेला. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि संपलंच.

भेटायला आलेल्या गर्दीत आईच्या बहिणीने, माझ्या मावशीने, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता तूच थोरली गं. रडायचं नाही. आईकडे, वहिनीकडे बघायचं." आणि मी खरंच रडले नाही. रडायला वेळ कुठे होता? दाखले, बँक, सोसायटीचं ऑफिस, आईच्या गोळ्या, वहिनीला जेवायला बसवणं. लोक म्हणायचे, काय खंबीर आहे! मला आतून वाटायचं, मी एकदा बसले ना, तर मला कुणी उठवू शकणार नाही. गेली कोजागिरी दुखवट्यातच गेली, कुणी नावसुद्धा काढलं नाही.

या वर्षी आईचा फोन आला. "परवा कोजागिरी आहे. ये. दूध आटवू."

आईच्या डोक्यात काय आहे ते मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. ती मला पाटावर बसवणार. लहानपणी ज्यासाठी जीव टाकला तो पाट आता मला नको होता. मी तिथे बसले की दादा कायमचा गेला आणि मी कायमची थोरली झाले, त्यावर शिक्काच बसला. पण आईला नाही कसं म्हणू? म्हातारीने मनाची किती तयारी केली असेल!

गेले. वहिनी ओट्यापाशी दूध ढवळत होती, बाहेर चंद्र समोरच्या टॉवरच्या आड अडकलेला. आई म्हणाली, "पाट मांड. रांगोळीचं बोटही फिरव." मी मांडला, फिरवलं. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, पाटाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात आई भिंत धरत धरत आली. तिच्या तोंडून ‘बस’ असं ऐकायला लागू नये म्हणून मी स्वतःच बसायला वाकले.

"अगं, तू कुठे चाललीस?"

"तू... पाट मांडायला सांगितलास ना?"

"माझ्यासाठी सांगितला. मला काय खाली बसता येतं? खुर्ची आण. पाट पायाखाली घेते."

मी खुर्ची आणली. आई बसली, पदर नीट केला, पाय पाटावर ठेवले. "मीपण माझ्या माहेरची थोरली आहे. आई गेल्यापासून मला कुणी ओवाळलेलं नाही. ओवाळ."

मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन ओवाळताना ज्योत सारखी हलत होती. आई माझ्याकडे बघत होती.

"मावशीने तुला काय सांगितलं ते मी ऐकलं होतं. तिला काय कळतंय, ती स्वतः शेंडेफळ. या घरात थोरली मी आहे आणि अजून जिवंत आहे. तू धाकटी. तुझा दादा गेला म्हणून तू थोरली होत नाहीस. कळलं?"

वहिनीने तबक माझ्या हातातून काढून घेतलं म्हणून बरं. मी तिथेच फरशीवर बसले, आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि भोकाड पसरलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.