दादाने केलेला सॅल्यूट

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, आणि सैन्यात माझ्याहून ज्युनिअर. हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे.

झालं असं की बारावीनंतर माझा सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात नंबर लागला. मला नुसतं डॉक्टर व्हायचं होतं. वर्दीचं वेड होतं ते दादाला. मी डॉक्टर झाले, इंटर्नशिप संपली आणि खांद्यावर तीन तारे आले. कॅप्टन. दादा तोवर इंजिनिअर होऊन खराडीतल्या एका कंपनीत लागला होता आणि रजा काढून काढून सैन्याच्या निवडीला जात होता. चार-पाच दिवस तिथे राहून परत यायचा, बॅग दारातच ठेवायचा आणि आई काही विचारायच्या आत म्हणायचा, "नाही झालं. जेवायला काय आहे?" असं किती वेळा झालं ते आम्ही घरात कधी बोललो नाही. मी सुट्टीवर घरी असले की त्या दिवशी माझी वर्दी कपाटात आतल्या बाजूला सरकवून ठेवायचे.

शेवटी, वयाची अट संपत आली असताना, त्याची निवड झाली. ट्रेनिंग पुरं करून तो लेफ्टनंट झाला, दोन तारे लागले, आणि नशिबाने पहिलीच पोस्टिंग पुण्यात मिळाली. मी इथल्याच एका लष्करी रुग्णालयात होते. आई कोथरूडच्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाला थांबवून सांगत होती, दोन्ही मुलं घराजवळ आली म्हणून.

लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्यात तसं फार अंतर नसतं. नियमाने लेफ्टनंटने सॅल्यूट करायचा, पण रोज एकाच मेसमध्ये जेवणाऱ्यांचं 'गुड मॉर्निंग सर'वर भागून जातं. मात्र सकाळची पहिली भेट असेल, डोक्यावर टोपी असेल आणि बाजूला जवान उभे असतील, तर करायचाच. आणि ज्याला केला त्याने तो परत द्यायचाच. हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं.

दादाच्या युनिटमधला एक जवान गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्या वॉर्डात दाखल झाला. एका सकाळी मी ड्यूटीवर पोहोचले तर पोर्चमध्ये त्यांची जिप्सी येऊन थांबली. दादा उतरला. मागोमाग त्याचे सुभेदार साहेब आणि दोन जवान. दादाने मला पाहिलं, सरळ चालत माझ्यासमोर आला, थांबला, आणि हात वर गेला.

"जय हिंद, मॅडम."

चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. हात अगदी ताठ होता. ज्याने मला सायकल शिकवली, क्लासहून उशीर झाला की स्कूटर घेऊन न्यायला आला, तो माझ्यासमोर सावधान उभा होता. मी हसले आणि म्हणाले, "अरे दादा! काय हे? वेडा आहेस का?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि हात खाली केला.

सुभेदार साहेब जमिनीकडे बघायला लागले. एका जवानाला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. दादा म्हणाला, "येस, मॅम," आणि माझ्या बाजूने आत निघून गेला.

पायऱ्यांवर आमच्या विभागाच्या प्रमुख उभ्या होत्या. कर्नल, मूळच्या नागपूरच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या.

"कोण तो?"

"माझा भाऊ आहे, मॅडम. मोठा भाऊ."

"मी नातं नाही विचारलं."

"लेफ्टनंट आहे, मॅडम."

"असं. मग त्याच्या माणसांसमोर तू त्याचा हात खाली ओढलास. आज दुपारी त्यांना त्याचाच हुकूम ऐकायचा आहे." त्यांनी माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं. "सॅल्यूट घेणं हे सुद्धा काम आहे, डॉक्टर. जमत नसेल तर दुसरं काही तरी बघ."

त्या आत गेल्या. माझे कान तापले होते. राउंड घेताना पेशंटची नाडी मोजत होते आणि आकडे विसरत होते. चूक काय झाली हे तेव्हाच कळलं होतं. त्याच दिवशी दादाला फोन करून 'चुकले' म्हणायला हवं होतं. पण त्यासाठी ते सगळं पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि मला ते बोलणंच नको होतं. मी दुसरा मार्ग काढला. दादा यायच्या दिवशी मी पांढरा अ‍ॅप्रन अंगातून काढेनाशी झाले. अ‍ॅप्रनखाली तारे दिसत नाहीत. टोपी घालायची नाही, बाहेरच्या बाजूला जायचं नाही. एकदा तो कॉरिडॉरच्या टोकाला दिसला तर मी मागच्या जिन्याने खाली उतरले. परत येऊन पाहते तो माझ्या टेबलावर आईने पाठवलेला थालीपिठांचा डबा ठेवलेला. तो येऊन, थोडं थांबून गेला होता, असं सिस्टर म्हणाल्या.

त्या रविवारी आम्ही दोघं घरी होतो. वरच्या मजल्यावरचे काका नेहमीप्रमाणे पेपर वाचायला आमच्याकडे आले होते. त्यांनी चष्म्यावरून दादाकडे पाहिलं.

"काय लेफ्टनंट साहेब, मग आता आंघोळीला जायचं तर कॅप्टन मॅडमची परवानगी काढावी लागते की कसं?"

बाबा मोठ्याने हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा. मला वाटलं त्याला वाचवावं. मी घाईघाईने म्हणाले, "छे हो काका, आमच्यात तसलं काही नाही. सॅल्यूट-बिल्यूट आम्ही काही करत नाही."

"मी करतो," दादा म्हणाला. पोह्यांची बशी त्याच्या हातात होती. "ती घेत नाही."

काकांनी पेपरचं पान उलटलं. आईने विचारलं, "लिंबू हवंय का कुणाला?"

तो निघाला तेव्हा मी मागोमाग पार्किंगमध्ये गेले. त्याने गाडी स्टँडवरून काढली होती.

"दादा, ऐक ना."

"माझी लाज वाटते का तुला?" त्याने विचारलं. रागावून नाही. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्याला.

"तुझी कशी वाटेल? माझी मलाच वाटते. तुला हे हवं होतं. इतकी वर्षं तू धडपडत होतास. आणि मला काही न मागता आधी मिळालं. तू समोर उभा राहिलास की मला कसंतरीच होतं."

"म्हणजे कीव करतेस माझी."

'नाही' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. कारण तेच होतं ते. इतकी वर्षं त्या कीवेलाच मी प्रेम समजत होते.

तो गाडीवर बसला. "त्या दिवशी येताना गाडीत सुभेदार साहेबांना सांगितलं होतं मी, आज माझ्या बहिणीला बघाल, कॅप्टन आहे. कडक सॅल्यूट करायचा हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं. ते ठरवण्यापर्यंत पोचायला मला किती दिवस लागले माहितीये तुला." त्याने आरशाला लटकवलेलं हेल्मेट काढलं. "आणि तू हात धरून खाली केलास. लहान मुलाने नाकात बोट घातल्यावर करतात तसा."

त्याने हेल्मेट घातलं. मी 'सॉरी' म्हणाले ते त्याला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. गाडी सुरू झाली होती.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी पोर्चमध्ये उभी राहिले. अ‍ॅप्रन वॉर्डात ठेवून, टोपी घालून. तो आला, थांबला, सॅल्यूट केला. मी परत दिला. माझं कोपर नीट वर गेलं नाही, पण दिला. मला वाटलं होतं तो हसेल, निदान डोळ्यांनी तरी. तो हसला नाही.

"आमचा पेशंट कसा आहे, मॅडम?"

मी गुडघ्याबद्दल सांगितलं. टाके काढले आहेत, व्यायाम सुरू आहे, पंधरवड्याने सोडू. त्याने नीट ऐकलं. "थँक यू, मॅम." मग सुभेदार साहेबांनी सॅल्यूट केला, तोही मी घेतला. सगळं नियमाप्रमाणे झालं.

घरी तो पूर्वीसारखाच होता. माझ्या ताटातली भाकरी पळवायचा, माझ्या गाडी चालवण्यावर बोलायचा. त्याने डूख धरला असं मी म्हणणार नाही. पण त्या गुडघ्याच्या पेशंटला सोडायच्या दिवशी मी त्याचे कागद तपासत होते, तेव्हा त्या जवानाने सहज विचारलं, "मॅडम, आप हमारे साहब को पहले से जानती हैं क्या?"

इतके दिवस तो वॉर्डात होता. दादा दर आठवड्याला त्याच्या खाटेशी येऊन बसत होता. आणि माझी बहीण इथेच डॉक्टर आहे, एवढं त्याने सांगितलं नव्हतं. त्या सकाळी गाडीत सांगितलं ते शेवटचं.

"मोठा भाऊ आहे माझा," मी म्हणाले. जवान चटकन उठून बसायला लागला. मी त्याला पडून राहायला सांगितलं.

पुढे दादाची बदली उत्तरेला झाली. नुकताच त्याला तिसरा तारा मिळाला. संध्याकाळी मी घरी असताना त्याचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता, आवाज तुटत होता.

"झालो बरं का कॅप्टन. आता तुला सॅल्यूट बंद."

"बरं झालं बाबा, सुटले मी," असं मी बोलून गेले. खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. पलीकडे तो गप्प झाला, की रेंज गेली होती, कोण जाणे. मी 'दादा, दादा' करत राहिले.

"आहे, आहे," तो म्हणाला. "आईकडे दे फोन. तिला अजून सांगितलं नाहीये."

मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानाला फोन लावला, कारण तिचे हात पिठाचे होते. तिने बातमी ऐकली आणि डोळ्यांत पाणी आणून पहिला प्रश्न विचारला तो, "म्हणजे आता तुम्ही दोघं सारखे ना रे?" तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी फोन धरून तिथेच उभी होते, आणि आईकडे बघायचं टाळत होते.