समोरच्या पक्षाची खुर्ची

सुमतीताई गेल्याचा फोन कॉलेजच्या बाबूंनी केला. "दीदी, मॅडम नहीं रहीं." मी लगेच ताईंच्या पुतणीला फोन लावून खात्री केली. एकाच माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे ताईंनीच शिकवलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

लष्करी सामानाच्या कारखान्यातल्या लोकांसाठी जबलपुरात संध्याकाळचं लॉ कॉलेज काढणाऱ्या त्या पहिल्याच. ड्यूटी संपवून माणसं रांझीहून सायकलींनी राइट टाउनला यायची. साहेबांना वाटे, बाई युनियनची. कामगारांना वाटे, बाई साहेबांची. माझे बाबाही त्यांतलेच.

युद्धाच्या वर्षी ब्लॅकआउटमध्ये बाबांनी शेडच्या जिन्यावर टॉर्च लावला. शत्रूला इशारा केला, असा आरोप आला, चौकशी बसली. नोकरी आणि क्वार्टर, दोन्ही जायची वेळ. शेजारी आमच्याशी हळू आवाजात बोलू लागले... मग बोलेनासेच झाले. आईने बाबांना बळंच ताईंकडे नेलं. मीही सोबत होते.

ताईंच्या कॉलेजातल्या खोलीत टेबलापलीकडे एक वेताची खुर्ची असे, समोरच्या पक्षाची. तिच्यात बसून आपल्याच विरुद्ध बोलायचं, हा तिथला शिरस्ता. ताईंनी बाबांना तिच्यात बसवलं. "आता तुम्ही साहेब. विचारा."

"काहून रे, टॉर्च काहून लावला?" बाबा तिरसटपणे म्हणाले. मग साहेबासारखे मागे रेलले. "अन् टॉर्चच्या काचेवर काळा कागद काहून नव्हता?" आणि एकदम थांबले. "होता जी. फाटून गेला होता. लोकं पायऱ्या चुकून राहिले होते..."

"कागदाची तेवढी चूक कबूल करा. बाकी काही नाही," ताई म्हणाल्या.

निकालाच्या आदल्या दिवशी बाबांना कॉलेजच्या खिडकीतून दिसलं: चौकशी करणारा साहेब त्याच खुर्चीत चहा पीत बसलेला. "मिळून आहेत दोघं," घरी येऊन म्हणाले. निकाल लागला, नुसती ताकीद. तरी शेवटपर्यंत त्यांचा प्रश्न तोच, बाई नेमकी कोणाची? पुढे मी ताईंकडेच कायदा शिकले. एकदा हे विचारलं, तर म्हणाल्या, "आरोप करून राहिलीस, तर पुरावा आण."

शोकसभेत सगळे एका सुरात स्तुती करत होते. मला ते खटकलं. सभा संपल्यावर ताईंच्या त्या खोलीत गेले आणि वेताच्या खुर्चीत बसले.

"दीदी, उसमें ऐसे ही कोई नहीं बैठता," बाबू म्हणाले.

"माहीत आहे. मला ताईंच्या विरुद्ध बोलायचंय."

चौकशी चालू असताना साहेबाला इथे का बसवलंत, एवढं विचारलं आणि बाबांसारखीच मध्येच थांबले. या खुर्चीत बसणाऱ्याला समोरच्याची बाजू मांडावी लागते. म्हणजे त्या चहापुरता साहेब माझे बाबा झाला असणार.

असणार, एवढंच म्हणते. पुरावा नाही.