बैल सहा जीबीचा

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये एक हार्ड डिस्क आहे. विकत घेतली कंपनीनं, पण ती आहे उद्धवरावांची. बावीस वर्षांत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर जे जे पार्ट निघाले, त्या सगळ्यांचे प्रोग्रॅम तिच्यात, आणि ती उद्धवरावांच्या डब्याच्या पिशवीत. खंडेनवमीला मशीनबरोबर तिलाही झेंडूची माळ पडते. कॉपी मात्र कुणालाच मिळत नाही. मी क्वालिटीत आहे. एकदा मागितली, तर म्हणाले, "बॅकअपचा बॅकअप कशाला पाहिजे, राव? म्या हाय की."

मार्चमध्ये ते रिटायर होतायत. पण डिस्क आपल्याकडे आहे तोवर शेठ काही आपल्याला सोडत नाहीत, अशी त्यांची पक्की खात्री होती. मला या आडमुठेपणाचा भयंकर राग यायचा.

मग शेठच्या बैलानं शर्यत जिंकली. आमचे शेठ यशवंतराव मूळ भोसरीतलेच. शर्यत बारा सेकंदांची. पण गुलाल, मिरवणूक आणि बैलाला पेढा भरवणारे नातेवाईक धरून व्हिडिओ झाला सहा जीबीचा. "उद्धवराव, ह्यो तुमच्या डिस्कंत ठिवा," शेठ म्हणाले. "तिथं कायबी हरवत न्हाई."

डिस्कमध्ये चारशे जीबी जागा रिकामी, तरी व्हिडिओ जाईना. फाइल फार मोठी आहे, असा मेसेज येत राहिला. ऑफिसातल्या अंजलीनं पाहिलं. "काका, डिस्कचा फॉरमॅट जुना आहे, फॅट थर्टीटू. त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एनटीएफएस केलं तर बसेल. एक कमांड आहे, आतलं काही पुसलं जात नाही. पण आपलं जुनं मशीन..."

पुढचं ऐकायला उद्धवराव थांबले नाहीत. त्यांनी तिला कमांड द्यायलाच लावली, बैल आत गेला, शेठनी फोनमधला व्हिडिओ पुसून टाकला.

सोमवारी मशीननं डिस्क ओळखलीच नाही. त्याला फक्त फॅट थर्टीटू वाचता येतं. चाकणला माल न्यायला चार वाजता टेम्पो येणार होता.

"आता परत उलटं करा की," उद्धवराव म्हणाले.

"तसं होत नाही, काका. परत जायचं तर आधी सगळं पुसावं लागतं."

सगळं म्हणजे बैलसुद्धा. आणि शेठच्या फोनमधला तर केव्हाच पुसलेला. एकच वाट उरली होती, प्रोग्रॅम दुसरीकडे कॉपी करायचे. उद्धवरावांनी डिस्क शर्टाला पुसली, अंजलीपुढे धरली आणि म्हणाले, "घे."

अंजलीनं ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढला, दिवाळीला ऑइलवाल्यानं फुकट वाटलेला. तो फॅट थर्टीटू करून तिनं कॉपी लावली. बावीस वर्षांचं काम, दुपार होणार म्हणून उद्धवराव खुर्ची आणि डबा घेऊनच आले होते. चहा संपायच्या आत कॉपी झाली.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"सहाशे बारा एमबी."

"आन् बैल?"

"सहा जीबी. म्हणजे दहापट."

मशीन सुरू झालं, टेम्पो वेळेवर गेला. शेठनी पेन ड्राइव्ह चिमटीत धरून पाहिला. "येवढ्यातच बसलं व्हय सगळं?" म्हणाले आणि शर्टाच्या खिशात टाकून निघून गेले. ते वाईट मनानं बोलले नव्हते, पण मला ते लागलं. उद्धवरावांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मशीनपुढे उभे राहिले आणि आपला फोन माझ्या हातात दिला.

"कॅमेरा सगळ्यात भारी क्वालिटीवर ठेवा, राव," म्हणाले. "म्या एकेक पार्ट कसा काढायचा ते सांगत जातो. सहा जीबीच्या वर गेल्याबिगर थांबायचं न्हाई."