वास येईपर्यंत

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. युनिफॉर्मच्या खिशात सेफ्टी पिना साठतात तसे ते आपोआप साठतात! भोरला डॉक्टरबाईंच्या बारा खाटांच्या प्रसूतिगृहात मी नर्स होते, नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. नोकरी सुटून जमाना झाला. पण अजून कुणाच्या घरी ब्लीचिंग पावडरचा वास आला, की मला हमीदामावशीची अशी आठवण येते की हातातला चहा गार होतो. म्हणून आज खिसा उलटा करतेय.

हमीदामावशी आमच्याकडे साफसफाईला. सासर भोरचं, माहेर वेल्ह्याकडचं. बाळ जन्मलं, पुसून आईजवळ दिलं, की मावशी हात धुऊन यायची आणि बाळाच्या टाळूवर हलकेच नाक टेकवायची. मग निकाल! "भोंगवलीच्या गुऱ्हाळवाल्याचं हाय न्हवं? गुळाचा वास येतोय." किकवीच्या एका पोरीला हुंगून म्हणाली, "हिला एस्टीचा वास हाय, बया!" त्या पोरीच्या आईला कळा एसटी स्टँडवरच सुरू झाल्या होत्या. मावशीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे बाया स्वतःच विचारायला लागल्या, "मावशी, माझ्याला कसला?"

*

मावशीचा भाऊ माहेरच्या शेतातला तांदूळ पाठवायचा. एकदा दुपारी तिनं डॉक्टरबाईंसमोर भाताचे दोन डबे उघडून ठेवले. "सांगा, आंबेमोहोर कंचा आन् इंद्रायणी कंचा?"

डॉक्टरबाई पुण्याच्या. पिशवीतला तांदूळ खाऊन वाढलेल्या. दोन्ही डबे हुंगून म्हणाल्या, "अगं, दोन्ही भातच आहेत!"

मावशीनं कपाळावर हात मारला. "येवडं शिकून काय उपेग, बाई!"

*

एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. का? "हितं दवाखान्याचा वासच न्हाई. वास न्हाई तो कसला दवाखाना?"

डॉक्टरबाईंना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी ब्लीचिंग पावडरचा मोठा डबा आला. मावशीला ऑर्डर मिळाली, "रोज लादीच्या पाण्यात टाकत जा. वास येईपर्यंत टाक."

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं घडलं.

*

महिन्याभरात मावशीच्या बोटांची सालं निघायला लागली. तशात एका पेशंटची धाकटी बहीण बारशासाठी नटायच्या घाईत तिला विचारते, "मावशी, तुमच्याकडं ब्लीच हाय म्हनं? थोडं द्या की, चेहऱ्याला लावते. पार्लरमदी लावत्यात तसलं."

मावशीनं स्वतःची बोटं तिच्या नाकासमोर धरली. "हे बग आमचं पार्लर! लावू का गालाला?"

पोरगी जी पळाली ती बारशाला नुसती पावडर लावून आली.

*

संडासात एक पिवळा डाग होता, कशानं जाईना. मावशीनं आधी ॲसिड ओतलं. मग वरून ब्लीचिंग भुरभुरवली. वास बाहेर पेशंटकडे जाऊ नये म्हणून दारही लावून घेतलं!

पाचेक मिनिटांत ती भिंत धरत बाहेर आली. डोळ्यांतून धारा, खोकला थांबेना. डॉक्टरबाईंनी तिला ओढत अंगणात नेलं, ऑक्सिजन लावला. मी दारं-खिडक्या उघडत धावतेय आणि बाई ओरडतायत, "मावशी, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र केलं की विषारी गॅस होतो गं! जीव गेला असता!"

मावशीनं मास्क बाजूला केला. खोकत खोकत म्हणाली, "पर डाग गेला, बाई!"

आम्ही रडता रडता हसलो.

*

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. म्हणाली, "बरी हाय." दोन-तीन दिवसांनी सकाळी बघते तर सगळ्या बाळंतिणी बाळं पोटाशी धरून अंगणात! जी ती डोळे चोळतेय, खोकतेय. आत वॉर्डाच्या मधोमध मावशी उभी, हातात रिकामा डबा.

"मावशी, अख्खा डबा?" मी किंचाळले.

ती गोंधळून म्हणाली, "बाईच म्हनल्या व्हत्या न्हवं, वास येईपत्तुर टाक. मला अजून येतच न्हाई."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टरबाई पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

*

बाईंनी तिला स्वतः पुण्याला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "येईल कदाचित, सांगता येत नाही." दवाखान्याचा वास त्याच आठवड्यात बंद झाला. लादीला साबण आणि गरम पाणी, बेसिनला खायचा सोडा, नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबाची सालं नाहीतर व्हिनेगर, गाद्यांना ऊन. रक्त सांडलं तेवढ्याच जागी ब्लीचिंग; तेही चमच्यानं मोजून, थंड पाण्यात, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीचिंग एका कपाटात, ॲसिड नि व्हिनेगर दुसऱ्या कपाटात.

"बाई," मावशी म्हणाली, "सवतींना बी येवडं लांब ठेवत न्हाईत!"

थट्टा चालूच होती तिची. पण दुपारी डबा उघडला की ती भातावर तोंड नेऊन, डोळे मिटून बसायची आणि मग जेवायला लागायची. बाळांना हुंगणं तिनं सोडलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सर्दी झालीया." ती सर्दी दोन वर्षं टिकली. मला त्या दोन वर्षांत रोज वाटायचं, आज तरी ती कुणाला तरी सांगेल, तुझ्या बाळाला गुळाचा वास येतोय म्हणून.

*

मग मावशीची लेक शबाना आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी! मी बाळ पुसून मावशीच्या हातात दिलं. सवयीनं तिनं टाळूवर नाक टेकवलं. शबाना बघतेय, मी बघतेय, हातमोजे काढता काढता डॉक्टरबाई थांबल्या.

मावशीनं पुन्हा एकदा श्वास ओढून बघितला. मग मान वर करून तिनं बाळ डॉक्टरबाईंपुढे धरलं. "माजं नाक काय उगडंना. बाई, तुमी सांगा. कसला वास हाय माज्या नातीला?"

इतक्या वर्षांत डॉक्टरबाईंनी एकाही बाळाला हुंगलं नव्हतं. त्या वाकल्या. उठल्या तेव्हा डोळे भरलेले. "भाताचा, मावशी. झाकण काढल्यावर येतो ना, तसा."

मावशीनं बाळ मागे घेतलं नाही.

"कंचा पर? आंबेमोहोर का इंद्रायणी?"

डॉक्टरबाई पुन्हा वाकल्या.