गोठ्यातली धुरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरात सगळे म्हणतात — हा एक तीळ मात्र कित्येक वर्षं भिजत पडलाय. आज तुम्हाला सांगते. का सांगते, ते विचारू नका.

आमची जागा पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. कंपनी सरकारच्या काळात कुण्या गोऱ्या साहेबाने तो गवताळ माळ घेऊन तिथे गुरं आणि घोडी पाळली होती. त्याचा बंगला कधीच पडला, जोतं तेवढं उरलं. गोठा मात्र उभा होता. काळ्या दगडाचे खांब, सागाचे वासे, दगडात कोरलेल्या गव्हाणी, आणि वारा खेळावा म्हणून भिंतींत ठेवलेले उभे झरोके. आजोबांनी जागा घेतली ती भातासाठी, मला वेड लागलं ते गोठ्याचं. अशा वास्तू जपल्या पाहिजेत, हे मी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की पनवेलात लोक मला पाहून रस्ता बदलायचे. — लांबण लावतेय मी. कळतंय मला.

त्या गोठ्यात हिराजीकाकांची गुरं असत. साहेबाची गुरं काकांच्याच घराण्याने राखली होती. पुढे गुरं त्यांची आणि गोठा आमचा, असंच चालत आलं. माश्या-चिलटांसाठी काका रोज धुरी घालायचे: घमेल्यात पेटत्या शेणी, वर कडुनिंबाचा ओला पाला. पण घमेलं कायम दाराबाहेर. धूर वाऱ्याने आत जायचा, विस्तव बाहेरच राहायचा, कारण आत डोक्यावर माळा आणि माळ्यावर पेंढा. विझवल्यावर काका राखेत हात घालून बघायचे. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

त्या दिवशी कॉलेजची मुलं गोठा मोजायला आली होती. काय मिरवत होते मी! दुपार कलली तशी झरोक्यांतून उन्हाच्या तिरिपी आत आल्या. मला वाटलं, थोडा धूर असता तर फोटोत त्या कशा दिसतील? काका गुरं घेऊन माळावर गेले होते. आत फक्त नुकतीच जन्मलेली कालवड. ती मध्ये मध्ये येते म्हणून काका जाताना मीच त्यांना ती बांधायला लावली होती. मी काकांचं घमेलं उचललं, आत माळ्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पेटवलं. फोटो सुरेख आले. मग चहा झाला, मुलांना बंगल्याचं जोतं दाखवलं, फाटकापर्यंत सोडायला गेले, तिथेही बोलत राहिले. घमेलं? ते माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

परत फिरले तेव्हा कौलांतून धूर येत होता.

गाव धावलं. साहेबाच्या विहिरीचं पाणी ओढून ओढून लोकांचे हात सोलपटले. खांब राहिले, गव्हाणी राहिल्या, बाकी सगळं खाली आलं. कालवड दाव्यालाच राहिली.

आणि आता ते. कुणीतरी विचारलं, आग लागली कशी? मी म्हणाले, "काकांनी सकाळी धुरी घातली होती ना?"

बस्स, एवढंच. धड आरोपसुद्धा नाही — नुसता प्रश्न. पळपुटी माणसं असंच खोटं बोलतात बहुतेक. पुढचं सगळं लोकांनीच जुळवलं: म्हातारा झालाय, विसरतो हल्ली, डोक्यावर टोपी असताना टोपी शोधतो, घमेलं आतच राहिलं असेल. तेवढ्यात काका माळावरून धापा टाकत आले. त्यांनी सकाळची धुरी विझवली होती, राखेत हात घालून बघितलीही होती. पण इतकी तोंडं एकच बोलू लागल्यावर म्हातारा माणूस स्वतःच्या हातावर किती विश्वास ठेवणार? ते माझ्यापुढे आले. माझ्यापुढे!

"बाय, इसरलो आसन मी. मना माफ कर."

मी काय केलं असेल? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे काका, होतं असं. मी त्यांना माफ केलं.

नंतर त्या मुलांतल्या एकीचा फोन आला. आपण केलेल्या धुरामुळे तर नाही ना, मॅडम? छे गं, मी म्हणाले, तो लगेच विझवला होता.

गोठा मी पुन्हा उभारला. आता शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे येतात, तिथे जेवतात. भिंतीवर तो फोटो आहे. सगळे तिरिपींकडे बघतात, कोपऱ्यातल्या घमेल्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. वास्तूचा इतिहास मीच सांगते: साहेब, घोडी, झरोके, आणि शेवटी, एका म्हाताऱ्या गुराख्याची धुरी विझवायची राहून गेली. लोक चुकचुकतात. कधी कधी काका बाहेर गवत कापत असतात. त्यांना ऐकू जातं. मला ठाऊक असतं की त्यांना ऐकू जातं, आणि तरी मी ते वाक्य गाळत नाही. मला माझीच किळस येते — पण वाक्य तेच.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांच्या अंगावर गेरूने हाताचे ठापे मारतात. तो मान काकांचा. आगीनंतर त्यांनी तो सोडला. दाव्याला बांधलेलं जनावर मेलं की पाप बांधणाऱ्याच्या हाताला लागतं, असं ते मानतात. पाडव्याला ते गाईला धुतात, हार घालतात आणि मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन बाजूला उभे राहतात.

गेल्या पाडव्याला गेरूची वाटी मी त्यांच्यापुढे धरली. ते मागे सरले.

"माजा हात नको. तूच मार, बाय."

मी गेरूत हात बुडवला आणि गाईच्या पाठीवर ठापा मारला.